आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ईआर-पीआर पॉझिटिव्ह, केआय-67 22 टक्के आहे. जीन टेस्ट करावी का, आणि पुण्यात कुठे?

आई 58 वर्षांची, काखेत पसरलेलं नाही, हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह, आणि डॉक्टर म्हणतात ‘टेस्ट ऐच्छिक आहे, तुम्ही ठरवा’, असं तुम्ही लिहिलंय. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते, केआय-67 म्हणजे किती टक्के पेशी वाढीला लागल्यात तो आकडा, आणि जीन टेस्ट करायची ती किमो लागेल का हे ठरवायला. परवडत असेल तर करा. पण पैसे भरण्याआधी सर्जनला एक विचारा: ऑपरेशननंतर गाठ फॉर्मॅलिनमध्ये (काढलेला भाग सडू नये म्हणून वापरतात ते द्रव) किती वेळाने पडली, आणि चिरून पडली की अख्खी?

मी निवृत्त होईपर्यंत पुण्यातल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे काढलेल्या गाठी तपासायच्या विभागात टेक्निशियन होते. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण ब्लॉक बनवणं (गाठीचा तुकडा मेणात बसवणं), मायक्रोटोम या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे काप काढणं, ईआरसारख्या मार्करचे रंग चढवणं हे सगळं आमच्या हातचं.

माझ्या नणंदेचं ऑपरेशन झालं पेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये, तेही अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. सर्जन मोठ्या दीरांच्या ओळखीतला, म्हणून तिथेच. दुसऱ्या दिवशी सगळे रस्ते बंद, आणि आपल्याकडची मिरवणूक कधी संपते ते तुम्हाला सांगायला नको. तोवर काढलेला भाग एवढ्याशा डब्यात, न चिरता, जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मॅलिनमध्ये. आमच्याकडे आल्यावर कापला तर बाहेरून करडा आणि घट्ट, आत मात्र लालसर, ओला, बोटाने दबणारा. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, म्हणून गाठ लगेच मधून चिरायची, दहापट फॉर्मॅलिन घालायचं, आणि ती त्यात किमान 6 आणि जास्तीत जास्त 72 तास राहील असं बघायचं. हे सर्जनला माहीत नसतं असं नाही, कंटाळा असतो.

रिपोर्ट आला ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह. घरात सुतक पडल्यासारखं झालं. सणाच्या गडबडीत बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी सही करून टाकली होती. मी स्लाइड पाहिली. गाठीच्या शेजारीच निरोगी दुग्धनलिका होत्या. त्यांच्यातल्या काही पेशींत ईआर असतोच, त्या तपकिरी रंगायलाच हव्यात. एकही रंगली नव्हती. म्हणजे गाठ निगेटिव्ह आहे असं म्हणायला आधारच नव्हता, चाचणीच फसली होती. त्याच मोठ्या दीरांना, भाऊजींना, सांगितलं तर म्हणाले, “तू काप काढतेस, रिपोर्ट डॉक्टर देतात.”

ऑपरेशनआधी सुईने बायोप्सी झाली होती. ते बारीक तुकडे वेळेत फॉर्मॅलिनमध्ये पडले होते. आमच्या मोठ्या डॉक्टरांना दोन्ही स्लाइड दाखवल्या, त्यांनी बायोप्सीच्या ब्लॉकवर मार्कर पुन्हा लावायला सांगितले. ईआर 8 पैकी 7 गुण, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह! नणंद आता रोज लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी घेते आणि सांधे दुखतात म्हणून कुरकुरते. पहिल्या रिपोर्टवर चाललो असतो तर ती गोळी तिला कोणी दिलीच नसती.

आता तुमचं 22. पाच किंवा त्याखाली असेल तर कमी, तीस किंवा त्यापुढे असेल तर जास्त, इतकंच केआय-67 भरवशाने सांगतो. मधल्या आकड्यावर दोन लॅबचं एकमत होत नाही, म्हणून त्यावर एकट्यावर किमो ठरवू नये. जीन टेस्टचा उपयोग इथेच. ऑन्कोटाइप ही जीन टेस्ट त्याच ब्लॉकमधल्या 21 जीन्सचं मोजमाप करून 0 ते 100 गुण देते. 2018 साली तिचा मोठा अभ्यास आला: तुमच्या आईसारखा आजार, वय 50 च्या पुढे आणि गुण 25 पर्यंत, तर हार्मोनच्या गोळ्यांच्या जोडीला किमो देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही. खर्च लाखांत जातो. बेंगळुरूची कॅनअसिस्ट ही टेस्ट पाच प्रथिनं आणि गाठीचा आकार, ग्रेड वगैरे धरून हिशेब करते, ती स्वस्त पडते.

भाऊजी या सगळ्याला ‘पैसे उकळायचे धंदे’ म्हणतात. किमो देऊन टाकला की खात्री, असं त्यांचं म्हणणं. केस आणि ताकद बाईची जाते, यांचं बोलायला काय जातं?

मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवा. काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत आजार असेल, किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर जीन टेस्टबद्दल वर सांगितलेलं लागू नाही. पाळी चालू असलेल्या बायकांचा हिशेबही वेगळा. आणि बीआरसीए ही निराळी तपासणी. ती सहसा रक्तावर होते आणि घराण्यातून आलेल्या दोषाबद्दल सांगते. तुम्ही मुलगी असाल तर तिच्याबद्दल स्वतःसाठीही विचारा.

कुठे करायची म्हणाल, तर ऑन्कोटाइपसाठी ब्लॉक अमेरिकेला जातो, कॅनअसिस्टसाठी बेंगळुरूला. पुण्यात फक्त ब्लॉक गोळा करून पाठवतात. लॅबकडून तो मागून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा, आणि गाडीत उन्हात ठेवू नका, मेण असतं ते.