माजी विद्यार्थी संघटनेचा खरंच काही उपयोग असतो का? सभासद व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की पदवी घेऊन चार वर्षं झाली, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघटनेकडून आजीव सभासद होण्याचे मेल येतात, पण वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, मग ही संघटना कशाला? 'फक्त पैसे मागायला आठवण येते' हेही तुम्ही लिहिलंय. मी अशा एका संघटनेचा सहा वर्षं चिटणीस होतो. तुमची शंका अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, पण आधी ग्रुपचं बोलू.

वर्गाचा ग्रुप गप्पांना उत्तम. अडचण अशी की त्यातली माणसं तुमच्याच वयाची, तुमच्याच टप्प्यावर असतात. जी माहिती तुम्हाला आहे तीच त्यांना असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं, ज्याच्याकडून कळलं त्याची-तुमची भेट तेव्हा किती वेळा व्हायची? नेहमी भेटणाऱ्याकडून कळलं असं सांगणारे जेमतेम 16.7 टक्के निघाले. 55.6 टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलं होतं, आणि 27.8 टक्क्यांना क्वचितच गाठ पडणाऱ्याकडून. अभ्यास लहान होता, 54 माणसांचा. पण 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक सभासदांवरचा अभ्यास 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला, त्यातही साधारण हाच कल दिसला. जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीची माणसं नोकरीसाठी जास्त उपयोगी पडली. अगदीच अनोळखी मात्र नव्हेत.

संघटनेकडे असते ती हीच जुजबी ओळख. तुमच्या आधी पंधरा वर्षं त्याच प्रयोगशाळेत बसलेला माणूस तुमचा कोणीच नसतो, पण फोन केलात तर पहिलं वाक्य सापडतं.

आता हे चालतं कसं, ते सांगतो. चिटणीस झालो तेव्हा मला वाटायचं, वार्षिक मेळावा म्हणजेच काम. सभागृह, व्यासपीठ, सत्कार, समूह फोटो. पहिल्या मेळाव्याची निमंत्रणं पाठवली आणि निम्म्याहून जास्त मेल परत आले. कारण शोधलं तर हसावं की रडावं कळेना. विद्यापीठाने आम्हाला दिलेल्या यादीत विद्यार्थ्यांचे विद्यापीठानेच दिलेले ईमेल होते आणि ते पास झाल्यावर काही महिन्यांत बंद होत. फोन नंबर प्रवेश अर्जावरचे. म्हणजे बऱ्याच ठिकाणी वडील फोन उचलत, आणि मुलाला पुन्हा कुठला अर्ज भरायचा राहिलाय या काळजीने पाच मिनिटं चौकशी करत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली तर यादीतून जवळपास नाहीशाच झाल्या होत्या. त्या स्वतःहून नोंदणी करायच्या, आणि पदवीवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून आमची प्रणाली त्यांना नाकारायची. कितीतरी जणींनी एकदा प्रयत्न करून सोडून दिलं असणार. मग पदवीवरचं नाव आणि सध्याचं नाव असे दोन रकाने केले. सहा वर्षांत संघटनेसाठी मी केलेलं सगळ्यात मोठं काम विचारलंत तर हे दोन रकाने. फोटो मात्र कुणी काढला नाही.

यादी धड असली की मग बाकीचं सुरू होतं. एक उदाहरण देतो, तपशील थोडे बदलून. जीवशास्त्र शिकलेल्या एका मुलीला पेटंटच्या कामात शिरायचं होतं. 'तिकडची कोणी माणसं आहेत का?' असा तिचा मेल आला. यादीत तिघं सापडले. आम्ही कुणाचाही नंबर तिला दिला नाही. आधी त्या तिघांना विचारलं की अशी मुलगी आहे, वीस मिनिटं बोलाल का? दोघं हो म्हणाले, तेव्हा गाठ घालून दिली. (जी संघटना मागेल त्याला नंबर वाटते तिच्यापासून लांब राहा. तुमचाही नंबर तिथेच आहे.) तिने नोकरी मागितलीच नाही, 'तुमचा दिवस नेमका कसा जातो?' एवढंच विचारलं. दोन्ही फोन झाल्यावर तिने ठरवलं की हे काम आपल्याला जमणार नाही, आणि त्यासाठीचा अभ्यासक्रम घेतला नाही. अहवालात 'यश' म्हणून दाखवण्यासारखं यात काही नव्हतं. माझ्या मते ती दोन वर्षं आणि भरपूर पैसे वाचवून बसली.

याउलट आम्हाला येणारे बहुतेक मेल असे असत: 'नोकरी शोधत आहे, सीव्ही जोडला आहे, कृपया मदत करावी.' असा मेल पुढे कुणाला पाठवायचा? ज्याला पाठवू तो तरी काय करणार? मागणं जितकं छोटं आणि नेमकं, तितकी माणसं हो म्हणतात.

अडीअडचणीची मदत हा दुसरा भाग, आणि तो बाहेर फारसा दिसत नाही. परक्या शहरात आजारी पडलेला माणूस, अचानक बंद पडलेली कंपनी, परीक्षेचं शुल्क भरता न आल्याने अडकलेला विद्यार्थी. शहरनिहाय यादी असली की त्या गावातलं कुणीतरी तासाभरात पोचतं. आमच्याकडे एक छोटा निधी होता. सुरुवातीला त्याचा प्रत्येक अर्ज कार्यकारिणीपुढे जायचा आणि बैठक होईपर्यंत परीक्षा उरकलेली असायची. नंतर ठराविक रकमेपर्यंत दोघांनी दोन दिवसांत ठरवायचं आणि नाव इतरांना कळू द्यायचं नाही, असा नियम केला. त्यानंतरच लोक मागायला लागले.

आता पैशांचं. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना 1821 ची. कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन दुसरं कॉलेज काढायला निघून गेले, विल्यम्स बंद पडणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा जुने विद्यार्थी ते वाचवायला एकत्र आले. येल विद्यापीठाने 1890 मध्ये दरवर्षी देणगी गोळा करणारा निधी सुरू केला. म्हणजे पैसे मागणं ही अलीकडची खोड नाही. 'कितीही द्या, पण द्या' असा आग्रह का, याचंही एक कारण सांगतो. अमेरिकेतल्या यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या कॉलेज-विद्यापीठांच्या क्रमवारीत 2023 पर्यंत किती टक्के माजी विद्यार्थी देणगी देतात याला गुण होते. तिथे रकमेपेक्षा डोकी मोजली जायची.

काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांना मताचाही अधिकार असतो. हार्वर्डच्या ओव्हरसीअर्स मंडळाची, म्हणजे कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची निवड 1865 पासून तेच करतात. ऑक्सफर्डचे पदवीधर कुलपती निवडतात. 2024 मध्ये ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग निवडून आले ते ऑनलाइन मतदानातून. तुमच्या विद्यापीठात असं काही आहे का, ते जरूर पाहा. बहुतेकांना आपल्याला मत आहे हेच माहीत नसतं.

तर सभासद व्हावं का? आजीव शुल्क भरण्याआधी कार्यालयाला एक फोन करा. शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली आणि हिशेब सभासदांना बघायला मिळतात का, ते विचारा. संघटना स्वतंत्र नोंदणीकृत आहे की विद्यापीठाचाच एक विभाग, हेही विचारा. विभाग असेल तर पगारी माणूस असतो, पण कल देणग्यांकडे झुकतो. स्वतंत्र असेल तर कारभार तुमच्या हातात, पण सगळं दोन-तीन उत्साही लोकांच्या जिवावर चालतं आणि ते थकले की दिवे मालवतात. मग एक छोटं, खरं काम सांगून बघा: 'अमुक क्षेत्रातल्या एखाद्या माणसाशी बोलायचंय.' आठवडाभरात उत्तर आलं तर खुशाल पैसे भरा. मेळाव्याची पत्रिका आली तर थांबा, वार्षिक सभासदत्व असेल तर तेवढंच घ्या.

पैसे भरा किंवा नका भरू, नोंदणी मात्र आजच करा, ती बहुतेक ठिकाणी फुकट असते. आणि अर्जात विद्यापीठाने दिलेला ईमेल टाकू नका.