ग्रीक पुराणकथांवरच्या चित्रांत देवी सतत आंघोळ करताना का दिसतात? नग्न देह रंगवायला निमित्त, एवढंच ना?

निमित्त होतंच. बूशेसारख्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांकडे तर बहुतेक तेवढंच उरलं. पण मूळ कथांमध्ये देवीचं स्नान ही धोक्याची जागा आहे, आणि धोका पाहणाऱ्याला आहे. टायरेसियस नावाचा तहानलेला तरुण झऱ्यावर येतो, स्नान करणारी देवी अथीना त्याला दिसते आणि त्याचे डोळे जातात. मुद्दाम पाहिलं नव्हतं, पण ते कोण विचारतो? बदल्यात त्याला भविष्य कळू लागतं.

माझ्या मते हे सगळ्यात नेमकं पकडलंय इटालियन चित्रकार टिशनने, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी 1556 ते 1559 या काळात काढलेल्या ‘डायना आणि अ‍ॅक्टिऑन’मध्ये. (डायना म्हणजे ग्रीकांची शिकारीची देवी आर्टेमिस, टिशनची कथा रोमन कवी ओव्हिडची, म्हणून नाव रोमन.) शिकारी अ‍ॅक्टिऑन रानात भरकटत तिच्या स्नानाच्या जागी पोचतो. ती त्याच्यावर पाणी उडवते, त्याचं हरीण होतं आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडून खातात. ज्या पाण्याने देवी अंग धुते त्याच पाण्याचा शाप होतो. ओव्हिड स्पष्ट म्हणतो, दोष नशिबाचा, त्या पोराचा नाही.

टिशन यातलं काहीच घडताना दाखवत नाही. खांबावर हरणाची कवटी ठेवतो, बस. शिवाय कथेत नसलेला एक पडदा टांगतो. तो बाजूला होतो आणि अ‍ॅक्टिऑनबरोबर आपणही आत डोकावतो. डायना वस्त्राचा आडोसा करते तो त्याच्यापासून. आपल्याला ती दिसतेच. उरलेली नजर कुणाची, हे चित्र असं आपल्या अंगावर टाकतं. इथे ‘निमित्त’वाला मुद्दा मला तोकडा वाटतो.

याच्या जोडीचं ‘डायना आणि कॅलिस्टो’ही बघा. कॅलिस्टो ही डायनाच्या कौमार्याचं व्रत घेतलेल्या सख्यांपैकी एक. देवांचा राजा ज्युपिटरने तिला फसवून भोगलंय आणि ती गरोदर आहे. स्नानासाठी कपडे उतरवायला ती टाळाटाळ करते, तेव्हा बाकीच्या सख्या ते ओढून काढतात आणि डायना तिला हाकलते. शुद्धीसाठीचं पाणी इथे झडतीचं ठिकाण होतं, आणि ज्याने गुन्हा केला तो ज्युपिटर चित्रात कुठेच नाही. दोन्ही चित्रं लंडन आणि एडिंबरा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांनी मिळून विकत घेतली आहेत, 2009 आणि 2012 मध्ये. शक्य असेल तर एकमेकांशेजारी ठेवूनच पाहा.