बारावीनंतर व्यायामविज्ञानाची पदवी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : बारावी विज्ञान शाखेतून झाली आहे, व्यायामाची आवड आहे आणि मुंबईतच राहून व्यायामविज्ञानात बी.एस्सी. करावी असे वाटते. परंतु घरच्यांचे म्हणणे असे की, जिममध्येच शिकवायचे असेल तर एवढी वर्षे आणि एवढी फी कशाला, त्यापेक्षा फिजिओथेरपी घे. मी हाच अभ्यासक्रम मुंबईत पूर्ण केला, पुढे एम.एस्सी. केली आणि गेली सात वर्षे याच क्षेत्रात काम करते आहे, म्हणून उत्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की, या पदवीत व्यायाम करायला फारसे शिकवत नाहीत. त्याने शरीरात काय घडते ते मोजायला शिकवतात. शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, बायोमेकॅनिक्स (हालचालींमागचे बलांचे शास्त्र), थोडे मानसशास्त्र आणि ज्याची आधी कोणी कल्पना देत नाही ते संख्याशास्त्र, असा सगळा ऐवज असतो. आमच्या वर्गात कबड्डी, क्रिकेट, मल्लखांब खेळून आलेली मुले बरीच होती. त्यांच्यापैकी काहींची क्रेब्ज चक्राशी, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळीशी, गाठ पडली आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत ‘आपण कुठे येऊन पडलो’ अशी कुजबुज सुरू झाली. दोघे तर सुटीनंतर परत आलेच नाहीत.

एक प्रात्यक्षिक सविस्तर सांगते, म्हणजे अभ्यासाचा पोत लक्षात येईल. दुसऱ्या वर्षी आम्हांला क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट होती. ४१.३ सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावर मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राच्या तालात तीन मिनिटे चढ-उतार करायची, मुलींनी मिनिटाला २२ वेळा आणि मुलांनी २४ वेळा. थांबल्यावर पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत उभ्यानेच नाडी मोजायची आणि ठोक्यांना चारने गुणायचे. मुलींच्या सूत्रात या हृदयगतीला ०.१८४७ने गुणून येणारी संख्या ६५.८१ मधून वजा करतात. जे उरते तो शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते याचा अंदाज असतो. माझे एक मनगट एका मैत्रिणीच्या हाती होते, दुसरे दुसरीच्या. एकीने ३९ ठोके मोजले, दुसरीने ४१. म्हणजे एकीच्या वहीत माझी हृदयगती १५६ आणि क्षमता ३७, तर दुसरीच्या वहीत हृदयगती १६४ आणि क्षमता ३५.५ अशी नोंद झाली. हृदय तेच, पंधरा सेकंदही तेच. मॅडमनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले, ‘आता हिला काय सांगणार?’ एवढेच विचारले आणि पुढचा अख्खा तास त्या दीड मिलिलिटरवर गेला. मग कोणीतरी ठोकळ्याच्या उंचीचा मुद्दा काढला. मुलींची ही चाचणी १९७२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील महाविद्यालयीन मुलींवर बेतलेली. माझी उंची चार फूट अकरा इंच, तो ठोकळा माझ्या जवळजवळ गुडघ्याला लागत होता. उंच मुलीला जी पायरी होती, ती मला चढण होती. असल्या चर्चेत तुम्हांला रस वाटत असेल, तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा येत असेल तर फी भरण्याआधीच तो ओळखलेला बरा.

विरोध माझ्याही घरी होता. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते आणि ‘कसरत ही काय कॉलेजात शिकायची गोष्ट आहे?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांविषयी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास मी त्यांना एकदा जेवता जेवता सांगितला : दुमजली बसच्या जिन्यावर दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले होते. बाबा अर्थातच खूश झाले. पण दुसऱ्याच घासाला म्हणाले, ‘ड्रायव्हरच्या डोक्याला ट्रॅफिकचा ताप असतो, तो कुठे धरलाय? आणि मुळात जाडजूड माणूस त्या जिन्याची नोकरी घेईलच कशाला?’ त्यांना ठाऊक नव्हते, पण मॉरिस यांनी हीच शंका मनावर घेऊन १९५६ साली कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली होती आणि ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर तरुण वयापासूनच मोठी निघाली होती. म्हणजे दोन गटांतील सगळा फरक जिन्याच्या खात्यावर टाकता येत नव्हता. चार पिढ्यांचे शिक्षण नसलेल्या माणसाने वरणभात कालवताना जे विचारले, ते विचारण्याची शिस्त आम्हांला तीन वर्षे शिकवली जात होती. बाबांनी त्यानंतर तो प्रश्न विचारला नाही.

आता महाविद्यालयाविषयी. माहितीपुस्तिकेतल्या छायाचित्रांवर जाऊ नका. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे पाहून थेट प्रयोगशाळा गाठा. श्वासातील वायूंचे विश्लेषण करणारे यंत्र सर्वत्र मोठ्या अभिमानाने दाखवतात. त्याला प्रत्येक चाचणीपूर्वी, प्रमाण ठाऊक असलेल्या वायूच्या सिलिंडरने जुळवून घ्यावे लागते, नाहीतर त्याचा आकडा आणि ज्योतिषाचा आकडा यांत फरक राहत नाही. आमच्याकडे तो सिलिंडर संपला आणि पुढचा येईपर्यंत जवळजवळ वर्ष गेले. तोवर ते महागडे यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवले होते आणि आम्ही त्याची आकृती काढून गुण मिळवले. म्हणून शिक्षकांना नव्हे, तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारा की, तुम्ही स्वतः या यंत्रावर किती चाचण्या घेतल्या आहेत.

नोकरीबाबत घरच्यांची काळजी अगदीच खोटी नाही. बहुतेकांची सुरुवात जिममध्येच होते. माझी पहिली दोन वर्षे सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा अशी गेली. मधल्या वेळेत घरी जायचे तर लोकलमध्येच दीड-दोन तास जात. तेथे सदस्यांच्या प्रगतीपेक्षा त्यांनी पर्सनल ट्रेनिंगचे पॅकेज घेतले की नाही, याचीच चौकशी अधिक होई, आणि ठरलेले कमिशन पूर्ण कधीच हाती आले नाही. पदवीचा उपयोग नंतर कळतो. अमेरिकेतील एनएससीए या संस्थेचे सीएससीएस हे स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगचे, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दमसास वाढवण्याच्या कामाचे, प्रमाणपत्र व्यावसायिक संघ मानतात आणि त्यासाठी पदवी लागतेच. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असल्यास मात्र वेगळे बी.पी.एड. करावे लागते, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते.

सध्या मी शिवाजी पार्कात जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या एका गटाबरोबर काम करते. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांचे वजन धावण्यापूर्वी आणि नंतर घेते. एकाचे वजन दीड तासात १.४ किलोने उतरले, मध्ये तो अर्धा लिटर पाणी प्यायला होता. म्हणजे सुमारे १.९ लिटर घाम गेला. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, परंतु मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, टपकतो, आणि टपकलेल्या घामाने अंग गार होत नाही. ‘घाम भरपूर आला, मस्त वर्कआउट झाला’ म्हणणाऱ्याला तोच वेग राखायला त्या दिवशी हृदय जास्त दामटावे लागलेले असते. त्याला वेग कमी करायला पटवणे, हे माझे निम्मे काम.

राहिला फिजिओथेरपीचा प्रश्न. तो पर्याय कमी प्रतीचा नाही आणि या विषयाचा जुळा भाऊही नाही. आजारी किंवा जायबंदी माणसावर उपचार करण्याचा अधिकार त्या पदवीने मिळतो, व्यायामविज्ञानाच्या पदवीने मिळत नाही. माझ्या गटातील कोणी गुडघा धरून बसला तर मी त्याला फिजिओथेरपिस्टकडे धाडते, मग मला कितीही अंदाज आलेला असो. तो गुडघा आपल्या हातांनी बरा करावा असे तुम्हांला वाटत असेल, तर या बाबतीत घरचे बरोबर सांगत आहेत. आणि उपचार संपवून तो माणूस पुन्हा पार्कात आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने किती आणि कोणत्या वेगाने धावावे हे ठरवण्यात तुम्हांला अधिक गोडी वाटत असेल, तर प्रवेशअर्ज भरा. फक्त त्याआधी अकरावीचे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र एकदा नीट वाचून काढा.