'किण्वकुळ' असा शब्द चालेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीच्या प्रोजेक्टमधे यीस्टसारख्या बुरश्यांना मिळून 'किण्वकुळ' म्हटलं तर चालेल का. मला नाही वाटत चालेल. किण्व शब्द छानच आहे, माझी अडचण 'कुळ'ची आहे.

असं बघा, नान्नजची द्राक्षं, परसातला दोडका आणि घेवडा, तिन्ही वेलच की, पण 'वेलकुळ' कुणी म्हणत नाही कारण तिघांची कुळं वेगळी, फक्त आधार धरून चढायची रीत सारखी. यीस्टचं अगदी तसंच आहे, सुट्या एकेका पेशीनं जगायचं आणि बहुतेक वेळा अंगालाच कोंब फुटून वाढायचं ही झाली रीत, आणि ती बुरश्यांच्या वंशवृक्षाच्या लांबलांबच्या फांद्यांवर वेगवेगळी आलेली आहे. बेकरीतलं सॅकरोमायसिस अस्कोमायकोटा या फांदीवर. पोंबे नावाचं यीस्टही तिथलंच, पण फार जुन्या फाट्यावरचं, त्याला कोंब फुटत नाही, पेशी मधोमध दुभंगते (पोंबे म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत बिअर, तिथल्या बिअरमधेच ते सापडलं).

आणि डोक्यातल्या कोंड्याशी ज्याचा संबंध लावतात ते मॅलेसेझिया? ते दुसऱ्याच फांदीवर, बॅसिडिओमायकोटावर, आणि त्याची जवळची भावकी म्हणजे आपल्या जोंधळ्यावरची काणी! कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते ती, जिच्यासाठी पेरायच्या आधी बियाण्याला गंधक चोळतात. ही काणीसुद्धा आयुष्याचा एक टप्पा यीस्टसारख्या सुट्या पेशींचा काढते, मग दोन पेशी जुळतात आणि धागा होऊन रोपात शिरते. म्हणजे एकच बुरशी दोन्ही रीतींनी जगते, आता तिला कुठल्या कुळात घालणार? मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शेतातली काणी बघायची नजरच बदलली.

आधी दिसणं आणि कुठली साखर आंबवतं यावरून यीस्टांचे वर्ग पाडायचे, पुढं रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) जनुकांवरून नातं लावायला लागले, 1998 साली कर्ट्झमन आणि रॉबनेट या संशोधकांनी अस्कोमायकोटातली 500च्या आसपास यीस्टं अशी तपासली तेव्हा बरीच जुनी नाती मोडली.

आता किण्व. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेसाठी किण्व सांगितलंय पण ते म्हणजे आंबवायला घालायचं विरजण, एखादा जीव नव्हे. खमीर अरबीतून आलं, त्याचाही अर्थ तोच. शिवाय आंबतं ते सगळं यीस्टनंच असंही नाही, इडलीचं पीठ फुगतं त्यात मोठं काम बॅक्टेरियांचं. म्हणून प्रक्रियेला किण्वन राहू द्या, बेकरीतल्याला सरळ यीस्ट म्हणा, आणि या सगळ्यांना मिळून 'यीस्टरूपी बुरश्या' लिहा, त्यात रूप सारखं एवढंच येतं, नातं आपोआप चिकटत नाही. आणि प्रोजेक्टमधे काणीचं चित्र मात्र नक्की लावायला सांगा तिला.