चार लाख घ्यावेत, की प्लॉट विकून केस लढावी?

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: “दोघा भावांत टॉवेलचे सहा माग आहेत. माझा मुलगा १७ महिन्यांचा. बाळंतपणात रात्रभर कळा, मग उशिरा सिझर. बाळ लगेच रडलं नाही, नऊ दिवस काचेत होतं. मान धरेना, तरी ‘काही मुलं उशिरा धरतात’ एवढंच सांगत राहिले. अकराव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) सांगितली. आता हॉस्पिटल, पुढे काहीच मागणार नाही अशी सही घेऊन ४ लाख द्यायला तयार आहे. एक एजंट म्हणतो, कोटीची केस करू. आधी ३ लाख आणि मिळतील त्यातले २५ टक्के वकिलाचे. जुळे सोलापूरचा प्लॉट १२ लाखांना जातोय. विकू का?”

केससाठी प्लॉट विकू नका. आणि ४ लाखांच्या कागदावर आत्ता सहीही करू नका.

आधी ते ४ लाख बघू. फिजिओथेरपी, औषधं आणि रिक्षा मिळून महिन्याला ९ हजार जातात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ४ लाख जेमतेम ४४ महिने पुरतात. मुलगा पाच वर्षांचा होईल तेव्हा खातं रिकामं, आणि सही तर कायमची. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला, तर आजचे ९ हजार बारा वर्षांत १८ हजार होतात.

एजंटाने कोटीचा आकडा हवेतून काढलेला नाही. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांचं एक बाळ जन्मलं. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा वेळेत तपासावा लागतो. तो तपासला गेला नाही आणि मुलीची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने पुढची महागाई धरून सुमारे १ कोटी ८० लाख भरपाई दिली. पण निकालाचं साल बघा: २०१५. बाळ जवळपास एकोणीस वर्षांचं झालं होतं. तुमच्या मुलाला थेरपीचा सगळ्यात जास्त उपयोग या पहिल्या काही वर्षांत आहे. प्लॉट मोडायचाच झाला तर त्यासाठी मोडा, आणि तोही भावाशी बोलून.

त्या २५ टक्क्यांबद्दल. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना मनाई आहे. एजंटाला नमस्कार करा आणि सोलापुरातच ग्राहक आयोगात रोज उभा राहणारा वकील ठरावीक फीवर शोधा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात, तक्रार कुठल्या आयोगात जाणार हे तुम्ही भरलेल्या बिलावरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. तुमचं बिल १ लाख ३८ हजारांचं. म्हणजे जिल्हा आयोग, आणि ५ लाखांखालच्या बिलाला सरकारी फी शून्य. मग आधीचे ३ लाख कशाचे, हे त्यालाच विचारा.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. निदान अकराव्या महिन्यात झालं, म्हणून तिथून मोजा, असा युक्तिवाद वकील करेलही. तुम्ही मात्र जन्मतारखेपासूनच मोजा. सात महिने हातात आहेत.

आता कटू भाग. प्रत्येक सेरेब्रल पाल्सी बाळंतपणातल्या चुकीने होत नाही. अपुरे दिवस, गर्भातला संसर्ग, जनुकीय दोष अशीही कारणं असतात. मी डॉक्टर नाही, पण बिलं वाचणं हा माझा धंदा आहे. तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती उत्तम’ आहे आणि बिलात नऊ दिवसांचा ऑक्सिजन लावलाय. दोन कागद दोन गोष्टी सांगतात. त्यावरून चूक सिद्ध होत नाही, पण विचारायला जागा नक्की आहे. म्हणून पहिल्या टप्प्याला १ लाखाची मर्यादा घाला. त्यात संपूर्ण रेकॉर्ड, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, एमआरआय, आणि या हॉस्पिटलशी संबंध नसलेले एक स्त्रीरोगतज्ज्ञ व एक लहान मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ यांचं लेखी मत. मत विरुद्ध गेलं तर तिथेच थांबा. मग ४ लाखांचा विचार नव्याने करू. बाजूने आलं तर तक्रार दाखल करा. नंतर आयोगात मध्यस्थीचीही सोय आहे, तडजोड तिथेही होते. रक्कम मिळालीच तर ती मुलाच्या नावे ठेवीत, मागाच्या कर्जात नाही. हे तुमच्या भावालाही वाचून दाखवा.

दरम्यान सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला काढा. त्यावर ‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा मिळतो. वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण, आधी तपासणी नाही, आणि थेरपीचा काही भागही त्यात बसतो. हप्ता काही शेकड्यांत आहे. घरात कोणी जुन्या करपद्धतीत रिटर्न भरत असेल, तर अपंग मुलाच्या सांभाळासाठी मिळणारी वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडी) विसरू नका.

सोमवारी रेकॉर्डसाठी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नियमाप्रमाणे ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. काउंटरवर ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाले, तर तो अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्या डिस्चार्ज कार्डालाच टाचून ठेवा.