आधी बुश बघ, मग गिअर

अरे, जुनी फोर्ड मस्टँग हाताशी आली म्हणून लगेच तिची उंची कमी करून तिला खाली बसवू नकोस. मी ती हौस केली होती. पहिल्याच पावसात सोसायटीच्या गेटावरच्या स्पीडब्रेकरने सायलेन्सर खरवडला, आणि वॉचमन नुसता बघत उभा.

साठच्या दशकातल्या मस्टँगला मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे, आणि अख्खा अ‍ॅक्सल असतो. आधी गाडी जॅकवर घे आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बोटाने दाबून बघ. माझा एक बुश चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला! बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मग टायर, या क्रमाने पैसे घाल. पॉलियुरेथेनचे बुश घट्ट असतात, पण मुंबईच्या खड्ड्यांत प्रत्येक दणका थेट कमरेत पोचतो. रोज चालवणार असशील तर रबरच बरं. जोरात पिकअप घेताना मागची चाकं उड्या मारत असतील तर पाटे पिळवटतायत असं समज. तिथे ट्रॅक्शन बार, म्हणजे अ‍ॅक्सलला पिळू न देणारा दांडा, लागतो.

आता डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर. 3.00 चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तीन फेरे) काढून 3.55 चा घातलास तर सिग्नलवरून गाडी झेपावेल, पण त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये इंजिन 18 टक्के जास्त फिरणार. फ्रीवेवर ते कानाला कळतं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, त्यामुळे काटाही तेवढाच पुढे पळेल. तिथला छोटा गिअर बदलून घे.

आणि पुढे ड्रम ब्रेक असतील तर हे सगळं थांबव, आधी डिस्क बसव. इंजिनच बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाच आणि आरटीओत जा.