गृहकर्जाआधी क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी मिटवावी का, आणि कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ मध्ये नोकरी गेली, कार्डाचे सुमारे ३८,००० रुपये थकले, मग मोबाइल नंबर बदलला, भाड्याचं घर बदललं आणि विषय मागे पडला. आता पिंपरी-चिंचवडमध्ये चाळीसेक लाखांचं कर्ज काढून फ्लॅट घ्यायचाय, तर वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत. ते १,४२,००० रुपये बाकी सांगतात आणि ‘या आठवड्यात भरत असाल तर २२,००० मध्ये फाइल बंद करून देतो’ म्हणतात. भरावेत का?

भरा. पण त्यांच्या हातात नाही, या आठवड्यात नाही, आणि बहुधा २२,००० सुद्धा नाही.

मी पुण्यात गृहकर्जाच्या फाइली तपासायचं काम करतो. तुमच्यासारख्या फाइली बऱ्याच येतात. पगार चांगला, कागद चोख, आणि सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल) काढलं की मधेच एक जुनं कार्ड लाल रंगात. रक्कम किती आहे हे आम्ही नंतर बघतो. आधी बघतो ते खात्याची स्थिती. ‘रिटन ऑफ’, म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, असेल तर बऱ्याच बँकांत फाइल पुढे सरकतच नाही. ‘सेटल्ड’, म्हणजे कमी रकमेत तडजोड झालेलं, असेल तर सरकते, पण रखडत, वरच्या साहेबांच्या खास मंजुरीने आणि बरेचदा जास्त व्याजदराने. ‘क्लोज्ड’, म्हणजे बाकी शून्य होऊन बंद झालेलं, असेल आणि हातात नो ड्यूजचा (काही बाकी नसल्याचा) दाखला असेल, तर प्रश्न एवढाच उरतो की तेव्हा काय झालं होतं. तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे: नोकरी गेली होती. रिलीव्हिंग लेटर आणि पुढच्या नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर जोडलं की हे उत्तर पटतं.

म्हणजे पैसे भरणं हा अर्धाच भाग झाला. खरी मेहनत आहे ती अहवालात कुठला शब्द उमटतो यावर.

सुरुवात वसुलीवाल्यापासून करू नका, अहवालापासून करा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. चारही काढा, कारण प्रत्येकीकडे चित्र सारखंच असेल असं नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

सिबिलच्या अहवालात त्या कार्डाची चौकट शोधा. तिथे ‘करंट बॅलन्स’ आणि ‘अमाउंट ओव्हरड्यू’ असेल, खाली ‘रिटन ऑफ टोटल’ आणि ‘रिटन ऑफ प्रिन्सिपल’ अशा दोन वेगळ्या रकमा असतील. ही दुसरी रक्कम, म्हणजे नुसतं मुद्दल, कागदावर लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या बोलण्यात तुमचा आधार तीच आहे. फोनवरचे १,४२,००० म्हणजे मुद्दलावर वर्षानुवर्षं चढलेलं व्याज, लेट फी आणि त्या सगळ्यावरचा जीएसटी. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे असा आकडा फुगायला वेळ लागत नाही. त्याच चौकटीत महिन्यांच्या रांगा दिसतील, प्रत्येक महिन्याखाली किती दिवस उशीर झाला तो आकडा. ‘०००’ म्हणजे वेळेवर. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि कोणी केलेली आहे, तेही बघून ठेवा.

हे ‘कोणी’ महत्त्वाचं आहे. बँका जुनी थकीत खाती गठ्ठ्याने मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे बोलीभाषेत एआरसीला, विकतात. खातं विकलं गेलं असेल तर बँक हात वर करते आणि नो ड्यूजचा दाखला एआरसीनेच द्यावा लागतो. विकलं नसेल तर फोन करणारा माणूस बँकेने नेमलेल्या एजन्सीचा कमिशनवाला असतो, आणि बाकी मिटवायचा अधिकार बँकेकडेच असतो. म्हणून आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल टाका: हे खातं सध्या कोणाकडे आहे, मुद्दल किती, एकूण किती, वसुलीसाठी कोणती एजन्सी नेमली आहे. लेखी उत्तर येईपर्यंत एजन्सीला फक्त एवढंच सांगा, ‘बँकेशी बोलणं चालू आहे.’ सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. व्हॉट्सॲपवर राजमुद्रा छापलेली ‘अटक वॉरंट’ची पीडीएफ आली तर घाबरू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. नोकरी गेल्यामुळे कार्ड थकलं, हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कोणी बेड्या घेऊन येत नाही.

त्या ईमेलमध्ये एक वाक्य मात्र चुकूनही लिहू नका: ‘मी पूर्ण १,४२,००० भरायला तयार आहे.’ कारण सांगतो. पैशाच्या वसुलीसाठी दावा लावायची मुदत ३ वर्षं असते. सर्वोच्च न्यायालयाने करोनाकाळातला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, तो धरला तरी तुम्ही मधल्या काळात काही भरलं किंवा लिहून दिलं नसेल तर तुमची मुदत उलटून गेलेली दिसते. दावा आधीच लागलेला असेल तर गोष्ट वेगळी, ते अहवालातल्या ‘सूट फाइल्ड’च्या रकान्यात आणि बँकेच्या उत्तरात कळेल. पण मुदत संपलेलं देणं फेडायचं लेखी वचन सही करून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ खाली ते पुन्हा बंधनकारक होऊ शकतं. तेव्हा ‘खातं मिटवण्याबाबत चर्चा करायची आहे’ एवढंच लिहा, आकडा त्यांना बोलू दे.

मुदत उलटली म्हणून भरूच नये, असा सल्ला इथे कोणीतरी देईलच. न्यायालयाच्या दृष्टीने तो ठीक असेल, पण गृहकर्ज देणाऱ्या बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तिला अहवालात ‘रिटन ऑफ’ दिसतं आणि ती नाही म्हणते. ‘७ वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते’ हेही असंच ऐकीव. कायद्यात ७ वर्षं आहेत ती माहिती किमान किती काळ जपून ठेवायची याची. सातव्या वाढदिवशी नोंद गायब होईल या भरवशावर घर ठरवू नका.

आता २२,००० चं. मुद्दल ३८,००० असताना २२,००० भरले तर अहवालात ‘सेटल्ड’ किंवा ‘पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड’ उमटणार, शेजारी बँकेला किती रकमेवर पाणी सोडावं लागलं तेही. तुमचे १६,००० वाचतील. पण ४० लाखांच्या कर्जाला २० वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्के दर लागला तर हप्ता महिन्याला साधारण १,२७५ रुपयांनी वाढतो, म्हणजे सगळं मिळून ३ लाखांवर. शिवाय कर्ज मिळेलच याची खात्री नाही ती वेगळीच.

त्यामुळे माझं मत असं, की मुद्दल पूर्ण भरायची तयारी दाखवा आणि घासाघीस व्याज-दंडावर करा. बँकेने व्याज आणि लेट फी उलट नोंद करून बाकी शून्यावर आणली, तर खातं ‘क्लोज्ड’ दाखवता येतं. तेच तिने ‘सवलत’ म्हणून सोडलं की ‘सेटल्ड’ होतं. सगळ्या बँका ऐकत नाहीत. थोडं जास्त मागतील, मुद्दलावर आठ-दहा हजार. तुमच्या परिस्थितीत मी असतो तर दिले असते. लोकअदालतीची नोटीस आली असेल तर तिथेही बोलता येतं, फक्त तडजोडीवर सही करण्याआधी अहवालात काय कळवणार हे त्यात लिहिलंय का ते बघा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

पैसे भरण्याआधी पत्र हवं, बँकेच्या किंवा एआरसीच्या लेटरहेडवर. त्यात कार्डाचा किंवा खात्याचा क्रमांक, भरायची नेमकी रक्कम, शेवटची तारीख, ती भरल्यावर बाकी शून्य होईल हे वाक्य, आणि क्रेडिट कंपन्यांना ‘क्लोज्ड’ म्हणून कळवू हे वाक्य. शेवटचं वाक्य ते टाळायला बघतात, ‘सिस्टीममध्ये आपोआप होतं सर’ म्हणतात. आपोआप होत नाही. पत्र आलं की पैसे थेट कार्डाच्या किंवा पत्रात दिलेल्या खात्यात एनईएफटीने टाका. एजंटच्या यूपीआयवर किंवा रोख एक रुपयाही नको. तुमचं बचत किंवा पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर बोलणी सुरू करण्याआधी पगार दुसरीकडे वळवा. जुन्या कार्डापोटी पगाराच्या खात्यावर होल्ड लावणाऱ्या बँका आहेत, आणि ऐन इसाराच्या दिवशी पैसे अडकले की माणूस हवालदिल होतो.

पैसे गेले की नो ड्यूजचा दाखला घ्या आणि महिनाभराने अहवाल पुन्हा काढा. नोंद बदलली नसेल तर त्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. पत्र, दाखला आणि एनईएफटीचा यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक सोबत ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. हा नियम तक्रारीतच लिहिला की कामाला वेग येतो, हा माझा अनुभव. तरीही ढिम्म असतील तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ‘पाच हजारात सिबिल साफ करून देतो’ वाल्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद कर्ज देणाऱ्याच्या होकाराशिवाय क्रेडिट कंपनी बदलत नाही.

एक न विचारलेली गोष्ट. गावाकडे कोणाच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिला आहात का? पतसंस्थेचं कर्ज सहसा सिबिलमध्ये दिसत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. पण सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की जामीनदारावरही जप्ती येऊ शकते. असेल तर आत्ताच चौकशी करा.

अर्ज मात्र नोंद ‘क्लोज्ड’ झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच. स्कोअर लगेच उडी मारणार नाही. घाई नसेल तर सहा महिने जाऊ द्या, तेवढ्यात मुदत ठेवीवर मिळणारं एखादं छोटं कार्ड घेऊन त्याचं बिल वेळेवर भरत राहा. मग एकाच बँकेत, फार तर दोन बँकांत अर्ज करा. एजंट एकाच दिवशी पाच ठिकाणी फाइल लॉगिन करतात, आणि त्या पाचही चौकश्या अहवालात उमटतात. जुन्या कार्डाबद्दल विचारायच्या आधीच पत्र आणि दाखला फाइलला जोडा. लपवून उपयोग नाही, पॅनवरून सगळं समोर येतं.

आणि तोवर बिल्डरच्या ऑफिसात जाऊन मोठी रक्कम अडकवू नका. नोंदणीकृत करारनाम्याआधी तो १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याचं कलम १३ आहे. टोकन द्यावंच लागलं तर ‘कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ बुकिंगच्या फॉर्मवर सही-शिक्क्यासह लिहून घ्या. तोंडी ‘काळजी करू नका साहेब’ चालणार नाही.